स्नॅप मिळेल का? त्याआधी ती पॉलिसी बघू

टेक्ससमधल्या किलीनहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. यजमान अमेरिकी लष्करात स्पेशालिस्ट या कनिष्ठ हुद्द्यावर, नोकरीला तीन वर्षं झालेली. मूळ पगार महिना 3,150 डॉलर, जेवणभत्ता 465, घरभत्ता 1,450. दोघंही तिथले नागरिक. मुलगी तीन वर्षांची, दुसरं बाळ पाच महिन्यांनी येणार. शेवटच्या आठवड्यात किराण्याला पैसे उरत नाहीत. ‘आम्हाला स्नॅप मिळेल का, आणि घेतलं तर ह्यांच्या नोकरीवर काही येईल का?’ हा त्यांचा प्रश्न. (स्नॅप म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना किराण्यासाठी मिळणारी अमेरिकी सरकारची मदत.) पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय: ‘खर्च कमी करायला ह्यांनी टीएसपीची (नोकरीतल्या सरकारी निवृत्तिबचत खात्याची) वर्गणी शून्यावर आणली. पण एजंटने मुलीच्या शिक्षणासाठी दिलेली 300 डॉलरची पॉलिसी आम्ही चौदा महिने न चुकता भरतोय. वीस वर्षांनी 1,10,000 मिळणार आहेत.’

आधी प्रश्नाचं उत्तर. स्नॅप बहुधा मिळणार नाही. टेक्ससमध्ये एकूण उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 165 टक्के आहे. 2025च्या आकड्यांनी तिघांना ती महिना साधारण 3,660 डॉलर होते. पोटातलं बाळ स्नॅप मोजत नाही. पगार आणि जेवणभत्ता मिळून 3,615, म्हणजे तुम्ही बसता. पण स्नॅप घरभत्ताही उत्पन्नात धरतं, की आकडा 5,065वर जातो. जे पैसे थेट घरमालकाच्या हातात जातात, त्यांच्यामुळे मुलांच्या ताटातलं अडतं. हा नियम मला अन्यायाचा वाटतो, पण आज तो तसा आहे.

विक, म्हणजे गरोदर बायका आणि लहान मुलांसाठीची सरकारी अन्नयोजना, तिचं मात्र वेगळं आहे. बहुतेक राज्यं तिथे घरभत्ता धरत नाहीत, आणि गर्भातलं बाळही कुटुंबात मोजलं जातं. चौघांची मर्यादा साधारण 4,950, तुमचे धरले जाणारे 3,615. पगाराची स्लिप घेऊन याच आठवड्यात अर्ज करा. तुम्ही गरोदर आहात आणि मुलगी पाच वर्षांच्या आतली, म्हणजे दोघींसाठी दूध, अंडी, सीरिअल, फळं, भाज्या. पुढे बाळाला फॉर्म्युला, म्हणजे डब्यातलं दूध, लागला तर तोही. नोकरीची भीती मनातून काढा. अन्नमदत घेतली म्हणून कोणी कारवाई करत नाही. गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा परवान्याला अडचण येते ती थकलेल्या कर्जांमुळे.

आता न विचारलेलं.

ती पॉलिसी तुम्हाला विकायलाच नको होती. 300 डॉलर वीस वर्षं भरले की 72,000 होतात, आणि त्याचे 1,10,000 म्हणजे वर्षाला जेमतेम 4 टक्के. तेही एजंटच्या छापील तक्त्यातल्या आशेवर. त्याच तक्त्यात ‘हमी’चा दुसरा रकाना असतो, तो काढून बघा. शिवाय यजमानांचा करार काही वर्षांत संपला आणि पगार बदलला, तर 300चा हप्ता पेलणार कसा? अशा पॉलिसी मधेच मोडतात, आणि सुरुवातीच्या वर्षांत परत मिळतं ते जवळपास काहीच नाही.

विमा तर तुमच्याकडे आहेच. एसजीएलआय, म्हणजे सैनिकांचा सरकारी गट आयुर्विमा, त्याचं 5,00,000चं कवच महिना साधारण 26 डॉलरला मिळतं. 2006च्या कायद्यानुसार लष्करी तळावर आयुर्विमा विकणाऱ्याने या सरकारी विम्याची माहिती लेखी द्यायची असते. तुमची विक्री तळावर झाली असेल, तर तो कागद मिळाला होता का, आठवून बघा. नसेल मिळाला तर तक्रार करा.

खरं नुकसान टीएसपीत चाललंय. यजमान 2018 नंतर भरती झाले, म्हणजे नव्या निवृत्तियोजनेत आहेत. नोकरीची दोन वर्षं झाल्यावर त्यांनी मूळ पगाराच्या 5 टक्के, म्हणजे 157 डॉलर टाकले, की सरकारही 157 टाकतं. वर्गणी शून्यावर नेल्यामुळे सरकारचे फक्त 31 येतात. महिन्याला 126, वर्षाला 1,500 डॉलर तुम्ही सोडून देताय. आणि पॉलिसीचाच दर, 4 टक्के, इथे लावा: यजमानांचे आणि सरकारचे मिळून 314 वीस वर्षांत साधारण 1,15,000 होतात. तुमच्या खिशातून जाणार 300 नाही, 157.

तेव्हा एसजीएलआय पूर्ण रकमेचा आहे का, ते आधी तपासा. मग पॉलिसी बंद करा, हप्ता पगारातून कापला जात असेल तर तोही थांबवा. भरलेले 4,200 गेले असं धरा. ते वाचवायच्या नादात पुढचे 67,800 घालवू नका. 157 टीएसपीच्या रॉथ खात्यात, म्हणजे जिथे कर आज भरायचा आणि निवृत्तीनंतर पैसे काढताना नाही. उरलेले 140 किराण्याला, त्यात विकचं सामान. मुलीच्या शिक्षणाचं खातं बाळ जरा मोठं झाल्यावर उघडू, आज घरात पोटभर जेवण हवं.

बाळ झालं की कुटुंब चौघांचं होईल. तेव्हा जानेवारी 2023पासून लष्कराने कमी उत्पन्नाच्या सैनिक कुटुंबांसाठी सुरू केलेल्या मूलभूत गरजा भत्त्याची त्यांच्या युनिटमध्ये चौकशी करा. घरभत्ता तिथेही सहसा मोजतात, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. मधल्या काळात एखादा महिना अगदीच अडला, तर आर्मी इमर्जन्सी रिलीफ ही सैनिकांची मदतसंस्था बिनव्याजी कर्ज किंवा मदत देतं. क्रेडिट कार्डाला हात लावण्याआधी तिथे जा.