घराचा स्टुडिओ करण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मालवणच्या घराचा शूटिंगसाठी स्टुडिओ करायचा तुझा बेत कळला, फार बरं वाटलं. आकेरीच्या वाड्यातली मालिका गाजल्यापासून सिंधुदुर्गातल्या चिरेबंदी घरांना विचारणा होते, हे खरंच आहे. पण पैसा घालण्याआधी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचं काय झालं ते नीट समजून घे.

राज कपूरनी 1948 मध्ये चित्रपटनिर्मितीचं बॅनर काढलं तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती. आधी चित्रपट, त्याच्या कमाईतून स्टुडिओ, असा तो क्रम होता. 1970 मध्ये ‘मेरा नाम जोकर’ आपटला, डोक्यावर कर्ज झालं. 1973 च्या ‘बॉबी’नं सावरलं. स्टुडिओ तगला तो स्वतःच्या चित्रपटांवर. 1988 मध्ये ते गेले. नंतर तिघा मुलांनी एकेक चित्रपट दिग्दर्शित केला, शेवटचा 1999 चा. पुढे जागा मालिकांना, रिॲलिटी शोंना भाड्यानं जात राहिली. पण निर्मात्यांना अंधेरी-गोरेगावात सगळं हाताशी मिळत होतं, चेंबूरला मुद्दाम कोण येणार? तिथला गणपती मात्र दरवर्षी थाटात बसायचा. हे वाचताना मला आपल्याकडची घरंच दिसतात. चतुर्थीला चाकरमानी येतात, घर गजबजतं, आणि सगळ्यांना वाटतं, घर नांदतंय. बाकीचे महिने वाळवी नांदत असते.

16 सप्टेंबर 2017 ला आग लागली, मुख्य फ्लोअर गेला. 2018 मध्ये कुटुंबानं विकायचं ठरवलं, 2019 मध्ये जागा गोदरेज प्रॉपर्टीजकडे गेली. लोक मुलांना नावं ठेवतात, मला ते पटत नाही. तोट्यातली जागा पुन्हा बांधून भागणार नव्हतं, आणि पुढच्या पिढीत कोर्टकज्जे नकोत, हेही त्यांनी उघड बोलून दाखवलं होतं. त्यात शहाणपण होतं. मला लागून राहिलंय ते कपडेपटाचं. इतक्या चित्रपटांतले कपडे त्या आगीत गेले. मूळ निगेटिव्ह तेवढ्या राहिल्या, त्या आता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत.

तुझ्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत ते आधी बघ. मुंबईच्या आत्यांचीही असणार. वेगळी फर्म काढ, घर तिला रीतसर भाड्यानं दे. भाडं हिश्शाप्रमाणे वाटायचं, राबेल त्याला पगार वेगळा. दोन्ही एकत्र केलंस की भाऊबंदकी दारात आलीच. भाड्यातला ठरावीक भाग छपराच्या शाकारणीसाठी बाजूला काढायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. पावसाळ्यात बाहेरचं शूटिंग जवळपास बंद, तेव्हा आठ महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचं आहे. चतुर्थी आणि शिमग्याला बुकिंग नकोच, घरचे दुखावतील. कपडे आणि जुन्या वस्तू शूटिंगच्या खोल्यांपासून लांब, मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात ठेव, आणि त्यांची वही ठेव.

आणि वर्षातून एक तरी काम स्वतःचं कर. लघुपट कर, दशावतारी कलाकारांचं चित्रण कर, काहीही चालेल. भाड्यानं येणारे उद्या गुहागरला जातील, तुझं काम तुझ्याकडेच राहील.

जुन्या वायरिंगवर शूटिंगचे दिवे लावू देऊ नकोस. वायरमनकडून लोड तपासून घे, जनरेटर शूटिंगवाल्यांना आणायला सांग. आत्यांच्या सह्या झाल्याशिवाय कुणाचा ॲडव्हान्स घेऊ नकोस. कराराचा मसुदा झाला की पाठव, मी वाचून देतो.

तुझा,
मामा