हात प्लास्टरमध्ये आहे, बसलेलं सगळं जाणार का?

दर उत्तरायणनंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, आमच्या बडोद्यात हा प्रश्न माझ्याकडे येतोच, कुणाची भरतनाट्यमवाली मुलगी पाय मुरगळून बसलेली, कुणाचा क्रिकेटवाला मुलगा, आणि आईबाबा एकच विचारतात, ‘महिनाभर प्रॅक्टिस बंद, म्हणजे सगळं विसरणार ना हो?’

दांडिया बाजारातला एक पोरगा, वय सतरा, गच्चीवर पतंगामागे पडून उजवं मनगट मोडलं आणि तबल्याची विशारद परीक्षा तोंडावर. आई म्हणाली, ‘ताई, दिवसभर मोठमोठ्या लोकांचे व्हिडिओ बघतो आणि अजूनच चिडतो.’

‘बघताना काय बघतोस रे?’

‘त्यांचा स्पीड.’

घ्या! म्हणजे बघणं कमी आणि स्वतःला नापास करणं जास्त. भीती डोक्यापेक्षा हातापायांत जास्त बसते असं माझं आपलं मत आहे, म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. म्हटलं, डोळे मीट, तुझा कायदा, म्हणजे तबल्याची ती ठरलेली बोलांची रचना, मनात वाजव, संपला की सांग. वीस सेकंदांत ‘झाला’. खरा वाजवायला किती लागतो? ‘दीड मिनिट तरी.’

मग मोबाईलवर तीनतालाचा लेहरा, म्हणजे तालात फिरत राहणारी धून, लावला, आता ह्याच्यात बसव, मनातल्या मनात बोटाला तबल्याची शाई लागली पाहिजे. चौथ्या पलट्याला, म्हणजे कायद्याच्या चौथ्या फेरफाराला, त्याचं तोंड वाकडं झालं. ‘ताई, इथे अडकलो. खरं वाजवताना पण इथेच अडकतो, ‘तिरकिट’ ह्या बोलाला.’

मला एवढंच हवं होतं! मनातसुद्धा हात तिथेच अडकला म्हणजे मेंदू खरंच वाजवत होता, मी त्याच्या डाव्या हातावर टाळी दिली.

१९९५च्या एका प्रयोगात पियानो न येणाऱ्यांनी ५ दिवस रोज २ तास नुसतं मनात वाजवलं, तरी मेंदूतला बोटांचा नकाशा खरं वाजवणाऱ्यांसारखाच पसरला, अचूकता मात्र खरं वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकीच आली, म्हणजे खऱ्या रियाजाची बरोबरी नाही, पण शून्य तर नाहीच ना. बघण्याचंही तसंच, २००५ साली लंडनमध्ये बॅले आणि कापोएरा (ब्राझीलची नाचासारखी युद्धकला) वाल्यांना स्कॅनरमध्ये व्हिडिओ दाखवले, तर ज्याला जो प्रकार येतो तो बघतानाच मेंदूतला हालचालीचा भाग जास्त जागा झाला. म्हणून त्याला सांगितलं, स्टार लोक बंद, स्वतःचं जुनं रेकॉर्डिंग बघ, गुरुजींचं बघ, मग पढंत, म्हणजे तोंडाने बोल म्हणणं, मग लेहऱ्यावर मनात, दहा-पंधरा मिनिटं, कंटाळा आला की थांब. तुमच्याकडे भरतनाट्यम असेल तर तेच, गाणं लावा आणि खऱ्या वेळेतच मनात नाचा, घाई करू नका. मनगटाची ताकद मात्र फिजिओकडूनच येणार, ते माझ्याकडे मागू नका.

प्लास्टर निघाल्यावर हात जडच होता, दोनदा रडला पण. मग एक दिवस आईने रेकॉर्डिंग पाठवलं, चौथा पलटा साफ, आणि मागे कुकरची शिट्टी, ती पण बरोबर समेवर.