हार्पी गरुड आणि स्टेलरचा समुद्री गरुड, यातला मोठा कोण?

सरासरी वजनाने स्टेलर. मादी 9 किलोपर्यंत जाते, पंख पसरले की जवळपास अडीच मीटर. हार्पीची मोठी मादीही 9 किलोच्या आसपास जाते म्हणा, पण पंखांचा पसारा दोन मीटरच्या आगेमागेच, कारण हा ॲमेझॉनच्या दाट जंगलात झाडांमधून वाट काढत उडतो, तिथे लांब पंख घेऊन करणार काय? (दोन्हींत नर बराच लहान असतो, ते वेगळंच.)

पण ताकद विचाराल तर माझं मत हार्पीला. पाय लहान मुलाच्या मनगटाएवढे जाड, मागचं नख अस्वलाच्या नखासारखं आणि फांदीला लटकलेला स्लॉथ किंवा माकड थेट ओढून काढतो राव! स्टेलर रशियाच्या कामचटकाकडचा, मुख्य खाणं सॅमन मासे. हिवाळ्यात त्यातले बरेच जपानच्या होक्काइडोला येतात, तिथे राउसूजवळ समुद्रात तरंगणाऱ्या बर्फावर बसलेले दिसतात, ती जाडजूड पिवळीधमक चोच फोटोत पण दचकवते. टुरिस्ट बोटीवरून मासे टाकतात आणि हे आयते खातात 😄

दोघांची गाठ निसर्गात पडतच नाही, त्यामुळे फाइट झाली तर कोण जिंकेल हे विचारू नका.