‘माझाच गैरसमज तर नाही ना?’

अमेरिकेत शिकणारी आपली मुलं वंशावरून भेदभाव होतोय असं वाटलं की हा प्रश्न हमखास विचारतात. ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्ही उत्तरं घाईचीच ठरतात.

उपनगरातल्या कॉलेजातला एक विद्यार्थी (ओळखीचे तपशील बदलले आहेत) सांगत होता, ‘इथे मी कुणालाच नको आहे.’ लॅबमध्ये गटात घेत नाहीत, उच्चारांची नक्कल करतात. घरून सल्ला एकच: दुर्लक्ष कर. झोप उडाली, तास बुडू लागले.

त्याला दोन आठवडे नोंदी ठेवायला सांगितलं. पानाच्या डावीकडे तारीख, जागा, जसेच्या तसे शब्द, हजर कोण. उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. त्याच रात्री लिहायचं, कारण चार दिवसांनी आठवणीत रागही मिसळतो. चूक होते ती इथेच: ‘तुच्छतेने बोलले’ हे वाक्य डावीकडे येतं. ते उजवीकडचं. मेसेजच्या स्क्रीनशॉटमध्ये नाव आणि वेळ दिसलीच पाहिजे.

वही पाहिल्यावर ‘अख्खं कॉलेज’ आकसून एका लॅबवर आणि दोघांवर आलं. गैरसमज नव्हता; पसारा मात्र वाटला होता तेवढा नव्हता. आणखी एक गोष्ट निघाली, जराशी अवघड. कृष्णवर्णीय सहाध्यायांशी तो स्वतःही बोलत नव्हता. ‘त्यांच्यापासून जपून राहा’ ही शिकवण निघण्याआधीच नातेवाइकांनी दिलेली. हे विचारायचं ते त्याचं दुखणं ऐकून घेतल्यावरच. आधी विचारलं तर मूल पुन्हा येत नाही.

मग प्राध्यापकांना ईमेल: दोन प्रसंग, तारखांसह, आणि एकच मागणी, की गट विद्यार्थ्यांनी न निवडता तुम्ही नेमा, प्रत्येकाला ठरलेलं काम द्या. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं होतं की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, सामायिक उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा लागतो.

एवढ्याने भागलं नाही तर तक्रार. समुपदेशकाला सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, ते सहसा गोपनीय राहतं. कॉलेजच्या संबंधित कार्यालयात ती वेगळी नोंदवावी लागते. केंद्रीय निधी घेणाऱ्या संस्थांना 1964 च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण लागू आहे; वंश, रंग किंवा मूळ देशावरून भेदभाव करायला ते मनाई करतं. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे जायचं तर मुदत साधारणपणे घटनेपासून 180 दिवस. तक्रारदारावर सूड उगवायलाही मनाई आहे.

त्याला तिथवर जावं लागलं नाही. गट बदलले, नक्कल थांबली. त्या दोघांपैकी एक अजूनही बोलत नाही.