'इन्व्हेस्टमेंट' म्हणताय, पण ही हौस आहे ना?

एका वाचकाने मेलवर विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. कोथरूड, वय ३८, आयटी, हातात पगार १ लाख ४० हजार, त्यातले ४८ हजार घराच्या हप्त्यात जातात, २५ हजारांची एसआयपी, अडीअडचणीला ५ लाखांची एफडी, मुलगी सहावीत. लंडनच्या एका डीलरकडे १९६० च्या दशकातलं, ब्रायटलिंग या स्विस कंपनीचं नॅव्हिटायमर घड्याळ दिसलंय, रेफरन्स (म्हणजे मॉडेल नंबर) ८०६, किंमत साडेतीन हजार पौंड, म्हणजे ४ लाख धरा. प्लॅन असा की एफडी मोडायची, एसआयपी थांबवून ती हळूहळू परत भरायची, आणि मामेभाऊ दिवाळीला येताना घड्याळ मनगटावर घालून आणेल. शेवटची ओळ जशीच्या तशी देते: "विंटेज घड्याळांचे भाव वाढतच असतात, त्यामुळे हा खर्च नाही, इन्व्हेस्टमेंट आहे, असं मी बायकोलाही सांगितलंय. बरोबर ना?"

तर आधी हे सांगून टाकते की घड्याळाची तुमची निवड एक नंबर आहे, मला स्वतःला चावीच्या घड्याळांचं वेड आहे त्यामुळे तुमचा मेल वाचताना मी हिशोब करायच्या आधी दहा मिनिटं फोटोच बघत बसले होते. विली ब्रायटलिंगने १९५२ मध्ये हे काढलं, डायलच्या भोवती फिरणारी गोल स्लाइड रूल (गुणाकार-भागाकाराची सरकती पट्टी), म्हणजे पायलटला कागद-पेन्सिल न घेता वेग, अंतर, इंधन सगळं मनगटावर मोजता यावं. आत व्हीनस कंपनीचं १७८ नंबरचं मशीन, रोज चावी द्यायची, बटण दाबलं की स्टॉपवॉचचा काटा टक्कन सुटतो. जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या हातात असायचं. हे सगळं मान्य.

पण "बरोबर ना?" याचं उत्तर नाही असं आहे.

इन्व्हेस्टमेंट म्हणताय ना, मग तिला इन्व्हेस्टमेंटसारखंच तपासू. ४ लाख ही किंमत नाहीच मुळी, मामेभाऊ तुमच्यासाठी वस्तू आणतोय म्हणजे ते त्याचं वापरातलं घड्याळ होत नाही, प्रवाशाला मिळणाऱ्या ड्युटी-फ्री सवलतीच्या वरच्या रकमेवर कस्टम ड्युटी बसते आणि ती कमी नसते, ड्युटीचे दर बजेटमध्ये बदलू शकतात म्हणून त्या आठवड्यातला दर बघायचा, पण आत्ता १ लाख बाजूला धरून चला. झाले ५ लाख. म्हणजे तुमची एफडी अख्खी गेली, अर्धवट नाही, आणि २५ हजारांनी ती परत भरायला वीस महिने लागतात. त्या वीस महिन्यांत नोकरी गेली तर? आयटीत आहात, मी वेगळं सांगायला नको.

आता तेच ५ लाख इंडेक्स फंडात पंधरा वर्षं पडून राहिले आणि वर्षाला १० टक्के धरले (गॅरंटी नाही, हिशोबापुरतं) तर २१ लाखांच्या आसपास होतात. घड्याळाला त्याची बरोबरी करायची तर विकताना डीलर किंवा लिलाववाला १५ टक्के कापणार हे धरून ते साडेचोवीस लाखांना विकलं गेलं पाहिजे, आणि दर पाच-सहा वर्षांनी होणारं सर्व्हिसिंग अजून यात धरलेलंच नाही. आज बाजारात ४ लाखांचं असलेलं घड्याळ साडेचोवीस लाखांना. रुपया पौंडासमोर घसरत राहिला तर थोडी मदत होईल हे खरं, पण त्यासाठी घड्याळ कशाला लागतं?

भाव वाढतच असतात हेही अर्धंच खरं आहे. २०२१ ते २०२२ च्या सुरुवातीपर्यंत सेकंडहँड घड्याळांचे भाव चढले आणि मग धाडकन खाली आले, तेव्हा टोकाला घेणारे अजून हात चोळतायत. आणि बातम्यांत येतात ती घड्याळं वेगळी असतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला एक रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं कारण ते स्वतः हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनचं होतं. नॅव्हिटायमर त्यामानाने भरपूर बनलंय, अजूनही बनतंय, कंपनीने २०१९ मध्ये जुन्या ८०६ ची हुबेहूब प्रत १,९५९ नग काढून विकली.

जुन्या घड्याळाचे पैसे ते किती जुनं आहे यावर नसतात, किती कमी लोकांनी त्याला 'नीट' केलंय यावर असतात. हे मी स्वतःच्या पैशाने शिकले. बाबांचं फेव्हर ल्युबा होतं, डायल पिवळसर पडलेली, केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या घरावर, ओरखडे, मी हौसेने एका घड्याळवाल्याकडे दिलं, नाव नाही सांगत, माणूस चांगला होता बिचारा. आठ दिवसांनी परत मिळालं तेव्हा डायल पांढरीशुभ्र, नाव नव्याने छापलेलं, त्यातली अक्षरं किंचित जाड आणि एक अक्षर वर सरकलेलं, केस पॉलिश करून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, कडा कुठे गेल्या देव जाणे. तो म्हणाला, बघा ताई, नवं करून दिलं. मी वर दोनशे रुपये जास्त दिले! नंतर एका संग्राहकाला दाखवलं तर त्याने भिंगसुद्धा काढलं नाही. जगभरच्या संग्राहकांमध्ये अशा रंगवलेल्या घड्याळांना नावच पडलंय 'मुंबई स्पेशल', आपल्या मुंबईची ही कीर्ती. पण लंडनमध्येही हे होतं, तिथे फक्त सफाईदार होतं.

म्हणून डीलरला फोटो मागा. मागच्या झाकणाचा, कारण त्यावर नंबर आणि ८०६ कोरलेलं असतं, त्या नंबरावरून साल साधारण काढता येतं. मग ते साल आणि समोरचं रूप जुळतंय का बघा, आधीच्या घड्याळांची डायल पूर्ण काळी आणि बेझल (डायलभोवतीची कडी) बारीक मण्यांची, नंतरच्यांत छोट्या तीन डायल पांढऱ्या आणि बेझल दातेरी. उघडलेल्या मशीनचा फोटो मागा, त्यावर ब्रायटलिंगचं नाव दिसलं पाहिजे. काट्यांवरचा चमकणारा पदार्थ आणि डायलवरचा एकाच रंगाचा झालाय का तेही बघा, काटे हिरवट-पांढरे आणि आकडे तपकिरी असतील तर कुणीतरी काटे बदललेत किंवा परत भरलेत. आणि हो, जुन्यांत तो पदार्थ रेडियमचा असतो, घरी झाकण उघडून खरवडायचा उद्योग अजिबात करू नका, मुलगी आहे घरात. शेवटचं सर्व्हिसिंग कधी आणि कुणी केलं त्याचं बिल मागा. व्हीनसचा कारखाना १९६६ मध्ये वाल्ज्यू या दुसऱ्या मशीन बनवणाऱ्या कंपनीने घेतला, १७८ चे सुटे भाग आता बनत नाहीत, एखादं चाक गेलं तर दुसरं मशीन मारून काढावं लागतं.

पाण्याचं तर विचारूच नका. २४ मे १९६२ ला अमेरिकन अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर याच घड्याळाचं २४ तासांचं रूप घालून अंतराळात गेला, पृथ्वीला तीन चकरा मारून समुद्रात उतरला, घड्याळाने अंतराळ सोसलं आणि खाऱ्या पाण्याने जीव सोडला. तुम्ही जुलैत टू-व्हीलरवरून हिंजवडीला जाता असं लिहिलंय. त्या दिवसांत ते कपाटात राहील, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

टॅक्सचं पटकन. स्वतःच्या वापरातली स्टीलची वस्तू म्हणून ठेवलंत तर ती सहसा 'पर्सनल इफेक्ट' धरली जाते, नफ्यावर कॅपिटल गेन लागत नाही, पण मग तोटाही कुठे वजा करता येत नाही. म्हणजे इन्व्हेस्टमेंट म्हणून मिरवायची आणि टॅक्सला वापरातली वस्तू म्हणायची, हे दोन्ही एकदम चालणार नाही. घेणं-विकणं सुरू केलंत तर तो धंदा, मग सीएला विचारा. विम्यासाठी घराच्या पॉलिसीत ते वेगळं नोंदवावं लागेल, फोटो आणि बिलासकट.

एवढं सगळं बोलून मी नको घेऊ म्हणतेय का? नाही. तुम्ही पुढे लिहिलंय की मार्चमध्ये बोनस येतो, गेल्या वर्षी हातात ३ लाख आले. मग एफडीला हात लावू नका, एसआयपी चालू ठेवा, बोनसमधले २ लाख या वर्षी आणि उरलेले ३ लाख पुढच्या दोन मार्चमध्ये मिळून बाजूला टाका, वेगळं खातं काढा आणि त्याला नावच 'घड्याळ' द्या. दोन वर्षांत हेच घड्याळ विकलं गेलं असेल, दुसरं येईल, ८०६ दुर्मिळ नाहीये. तोवर हात शिवशिवत असेल तर एचएमटी पायलट घ्या, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं) नाहीये पण चावीचं आहे, चावी द्यायची सवय लागते का ते कळेल. क्रोनोग्राफच हवं असेल तर चीनच्या सीगल कंपनीचं '१९६३' नावाचं मॉडेल मिळतं, त्याचं मशीन व्हीनस १७५ वरूनच आलंय आणि किंमत नॅव्हिटायमरच्या एका सर्व्हिसिंगच्या आसपास.

बायकोला मात्र आजच सांगा की ते इन्व्हेस्टमेंट वगैरे काही नाही, मला ते आवडलंय आणि ५ लाखांची हौस आहे. ती काय म्हणेल मला माहीत नाही, पण तिचीही एखादी पाच लाखांची हौस निघाली तर खातं दोन नावांचं करावं लागेल, आणि मग मार्चचं गणित पुन्हा मांडू, मला मेल करा. आणि दोन वर्षांनी घड्याळ आणायची वेळ येईल तेव्हा मामेभावाला बिल खिशात ठेवून विमानतळावर रेड चॅनलमधून, म्हणजे कस्टमला घड्याळ दाखवून, यायला सांगा.