चाळिशीत गाडी चालवण्याचा पहिला परवाना: ऑनलाइन कोर्सबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी होती. विचारणारे सगळे तिशी-चाळिशी ओलांडलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात ‘प्रश्न बाळबोध आहे, हसू नका’ अशी. हसत नाही. अठराव्या वर्षी शिकणाऱ्यांच्या मनातही हेच प्रश्न असतात, ते विचारत नाहीत एवढाच फरक.

प्रश्न: वय ४६. पहिल्या परवान्यासाठी ऑनलाइन कोर्स घेतला आहे. तो मन लावून पूर्ण केला, तर प्रत्यक्ष गाडीवरचे धडे कमी केले तर चालेल का?

उत्तर: धडे कमी करू नका. धड्यांतला फुकट जाणारा वेळ मात्र नक्की कमी होईल. ऑनलाइन कोर्स डोक्याला आणि डोळ्यांना शिकवतो: चिन्हांचे अर्थ, चौकात आधी जायचा हक्क कोणाचा, किती अंतर ठेवायचे, आरशात काय दिसत नाही. हातापायांना तो काहीच शिकवत नाही, आणि शिकवूही शकणार नाही.

पहिल्याच धड्याला कोण वाचून आलाय आणि कोण नाही, हे पाच मिनिटांत कळते. न वाचता आलेल्याला गाडी कडेला उभी करून, इंजिन चालू ठेवून, मी वीस मिनिटे कागदावर चौक काढून दाखवत बसतो. ती वीस मिनिटे त्याला गाडी चालवायला मिळाली असती. मात्र कोर्स आधी सगळा संपवून मग गाडीत बसू नका. लेन बदलण्याचा भाग पाहिला की त्याच आठवड्यात गाडीत लेन बदला.

वयाचे म्हणाल, तर हातापायांना सवय व्हायला विशीतल्या पोरांपेक्षा तुम्हाला बहुधा जास्त तास लागतील. पण पायी, सायकलवर, दुसऱ्याच्या शेजारी बसून तुम्ही तीस वर्षे रस्ता पाहिला आहे. रस्त्यावर चेंडू आला की मागून पोर येणार, हे तुम्हाला शिकवावे लागत नाही.

प्रश्न: सगळे व्हिडिओ पाहिले, सराव परीक्षेत शंभरपैकी ९५ पडतात. पण प्रत्यक्ष चौकात गाडी आली की डोके रिकामे होते. माझी स्मरणशक्ती गेली का?

उत्तर: स्मरणशक्ती शाबूत आहे, अभ्यासाची पद्धत चुकली. चार पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखणे सोपे असते, कारण उत्तर समोरच असते. चौकात पर्याय कोणी देत नाही. तिथे उत्तर आतून यावे लागते, तेही दोन सेकंदांत, आणि पाय क्लचवर अडकलेला असताना.

त्यात बहुतेक जण कोर्स एका रविवारी बसून उरकतात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने विसरले जाते, आणि तोच अभ्यास दिवसांत वाटून केला तर जास्त टिकतो. त्याचे पाठांतर निरर्थक अक्षरांचे होते, पण एका बैठकीत उरकलेल्या कोर्सलाही हेच लागू पडते. रोज अर्धा तास बसा, आणि नवा भाग लावण्याआधी कालचा भाग न पाहता मोठ्याने सांगून बघा. अडखळलात, तर तेवढाच पुन्हा पाहा.

दुसरी युक्ती माझी आवडती आहे आणि तिला गाडीही लागत नाही. कोणाच्याही शेजारी बसून जाल, तेव्हा मनात चालवा: ‘पुढे रिक्षा थांबलीय, दार उघडेल. डावीकडून गल्ली येतेय, तिथे दिसत नाही, वेग कमी. मागची मोटारसायकल आरशातून गेली, म्हणजे ती आता आपल्या बाजूला आहे.’ हे बोलताना सुरुवातीला तुम्ही प्रत्येक गोष्टीला उशीर कराल. बोलून होईपर्यंत रिक्षा मागे पडलेली असेल. आठवडाभरात तुम्ही रिक्षाच्या आधी बोलायला लागाल. चौकात रिकामे होणारे डोके भरण्याचा यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही.

यामागे जुने संशोधन आहे. मूरांट आणि रॉकवेल या दोघांनी १९७२ मध्ये नवख्या आणि सरावलेल्या चालकांची नजर कुठे जाते हे मोजले. नवखे गाडीच्या नाकासमोरचाच रस्ता जास्त पाहत होते आणि आरशात कमी. सरावलेल्यांची नजर लांबवर आणि आडवी फिरत होती. म्हणजे नवख्याला दिसत नाही असे नाही, तो चुकीच्या जागी पाहतो. ही सवय पडद्यासमोर बसून बरीच सुधारता येते. ब्रिटनच्या लेखी परीक्षेत २००२ पासून यासाठी वेगळा भागच आहे: रस्त्याच्या १४ चित्रफिती दाखवतात आणि धोका आकार घेताना दिसला की बटण दाबायचे. जितके लवकर, तितके गुण जास्त. उगाच बटण दाबत राहणाऱ्याला त्या चित्रफितीचे शून्य गुण. तुमच्या कोर्समध्ये असा भाग असेल तर तो दहा वेळा करा. चिन्हांचा भाग दोनदा पुरे.

प्रश्न: सिग्नल सुटला की माझी गाडी बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात, मग दुसऱ्यांदाही बंद पडते. क्लचचा व्हिडिओ पंधरा वेळा पाहिला. काय चुकते?

उत्तर: पंधरा वेळा पाहिलात म्हणजे क्लच म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहे. इंजिन फिरतेय, चाके थांबलेली आहेत, आणि दोघांना हळूच गाठ घालून द्यायची आहे. ती एकदम घातली की थांबलेली चाके इंजिनलाच थांबवतात. आता हे डाव्या पायाला कळायला हवे, आणि त्याला मराठी किंवा इंग्रजी कुठलीच भाषा येत नाही.

आधी सीट तपासा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल, तर तुम्ही क्लच पावलाने नाही, कमरेने सोडताय, आणि कमरेला बारकावा जमत नाही. मी पाहिलेल्या ‘क्लच जमत नाही’ या तक्रारींतल्या कितीतरी सीट दोन खाचा पुढे घेतल्यावर मिटल्या. पाठ टेकलेली, हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकते, इतके अंतर.

मग रिकामे, सपाट मैदान गाठा आणि अ‍ॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावू नका. टाच जमिनीवर टेकवा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा. आता क्लच सोडायचा, पण कागदाच्या जाडीने. एका जागी इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट जरासे उचलल्यासारखे वाटते, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. हाच तो अर्धा क्लच. इथे पाय थांबवा. सोडायचा नाही, दाबायचाही नाही. दोन सेकंद. बहुतेक गाड्या सपाटीवर नुसत्या एवढ्यावर गोगलगायीसारख्या पुढे सरकतात. चाक फिरायला लागल्यावर मगच उरलेला क्लच सोडा. पुन्हा थांबा. असे तीस वेळा. कंटाळा येईल, आणि पाय शिकतो तो कंटाळ्याच्या पुढच्या फेऱ्यांतच.

बंद पडण्याचे कारण जवळजवळ नेहमी तेच असते: अर्ध्या क्लचपर्यंत माणूस नीट येतो, गाडी हलली की ‘जमलं!’ म्हणून पाय उचलून घेतो. हॉर्न वाजल्यावर तर हमखास. बंद पडलीच, तर क्रम ठरवून ठेवा: ब्रेक, क्लच पूर्ण आत, न्यूट्रल, चावी. हा क्रम घरी खुर्चीत बसून म्हणा. मागच्याला चार सेकंद थांबावे लागेल, थांबू दे.

प्रश्न: मी हिशेबनीस आहे, तरी थांबण्याच्या अंतरांचे तक्ते पाठ होत नाहीत. हे आकडे खरेच उपयोगी आहेत का?

उत्तर: तक्ता सोडा, हिशेब करा. जर्मनीतल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक ठोकताळा शिकवतात. ताशी वेगाला १० ने भागा. त्याला तिनाने गुणले की तुमचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत गाडी किती मीटर जाते ते मिळते. त्याच आकड्याचा वर्ग केला की साध्या ब्रेकने थांबायला लागणारे मीटर मिळतात. जीव खाऊन ब्रेक मारला तर वर्गाच्या निम्मे. ५० च्या वेगाला १५ अधिक २५, म्हणजे ४० मीटर. १०० ला ३० अधिक १००, म्हणजे १३०. वेग दुप्पट झाला, अंतर तिपटीहून जास्त. ओल्या रस्त्यावर ब्रेकचा भाग निदान दुप्पट धरा.

आता हिशेबनिसाला आवडेल असे एक उदाहरण. एक गाडी ५० ने चाललीय, शेजारून दुसरी ७० ने. दोघांना एकाच क्षणी समोर माणूस दिसतो, दोघेही जोरात ब्रेक मारतात. पहिली साधारण २७-२८ मीटरवर, माणसाला न शिवता थांबते. दुसरी त्याच जागी किती वेगात असेल? बहुतेक जण २० म्हणतात, कारण ७० वजा ५०. प्रत्यक्षात ती अजून ताशी ६० च्या आसपास असते. प्रतिक्रियेतच तिचे २१ मीटर गेले, ब्रेक जेमतेम लागू लागलाय. ठोकताळ्याने करून बघा, येईल.

रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजा. पुढची गाडी खांबापाशी गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणा. म्हणून संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोहोचलात, तर फार जवळ आहात. पावसात चार सेकंद.

प्रश्न: ‘घरबसल्या परवाना, शंभर टक्के हमी’ असे एका कोर्सच्या जाहिरातीत आहे. घ्यावा का?

उत्तर: नाही. कोर्स प्रमाणपत्र देतो, परवाना सरकारी यंत्रणा देते. हमी देणारा एकतर खोटे बोलतोय किंवा तुम्हाला न विचारता काहीतरी करणार आहे. तुमच्याकडे ज्या यंत्रणेकडून परवाना मिळतो, तिच्या अधिकृत संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्सची यादी असेल, तर नाव तिथे शोधा. आणि एक साधी खूण: पैसे भरण्याआधी एक धडा पूर्ण पाहू देत नसतील, तर पुढे जाऊ नका.

प्रश्न: ऑटोमॅटिकवर शिकले तर ‘खरे’ ड्रायव्हिंग होते का?

उत्तर: होते. क्लचमध्ये अडकलेले लक्ष रस्त्यावर जाते, हा उशिरा शिकणाऱ्यांसाठी मोठाच फायदा. फक्त एक चौकशी आधी करा: कित्येक देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. घरची गाडी गिअरची असेल तर पंचाईत.

प्रश्न: नवरा शिकवतो. घरी परतेपर्यंत आमचे बोलणे बंद झालेले असते. तो वाईट चालक नाही, मी मठ्ठ नाही. मग?

उत्तर: तो चांगला चालक आहे हीच अडचण आहे. वीस वर्षे चालवणाऱ्याला आपण काय करतो हे सांगता येत नाही, कारण ते त्याच्या पायाला माहीत असते, तोंडाला नाही. म्हणून तो ‘अगं बघ ना!’ म्हणतो. कुठे बघायचे, ते नाही.

सुरुवातीचे धडे प्रशिक्षकाकडे घ्या. तिथे बऱ्याच गाड्यांत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. नवऱ्याला सरावाला घ्या, आणि निघण्याआधी, गाडी उभी असताना, दोन गोष्टी ठरवा. सूचना चौकात नाही, चौकाच्या बऱ्याच आधी द्यायची, आणि ती ‘कुठे’पासून सुरू करायची: ‘पेट्रोल पंपानंतर, उजवीकडे.’ चूक झाली तर गाडी कडेला लागेपर्यंत तिच्याबद्दल बोलायचे नाही. जमल्यास तुमच्या ऑनलाइन कोर्सचे दोन भाग त्याला पाहायला लावा. त्यातले बरेचसे तो विसरलेला असतो. एका बाईंनी सांगितले, की चिन्हांच्या सराव परीक्षेत नवरा नापास झाला, त्या दिवसापासून गाडीत शांतता आहे.

प्रश्न: परवाना मिळून दोन महिने झाले. शेजारी कोणी असेल तर चालवते, एकटी जायला धजत नाही.

उत्तर: तुमची भीती निराधार नाही. परवान्यानंतरचे पहिले काही महिने अपघाताच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात, आणि ही जोखीम सरावाने झपाट्याने उतरते. सराव टाळला तर ती तशीच पुढे ढकलली जाते. एकच रस्ता निवडा, दहा-पंधरा मिनिटांचा, जो तुम्ही शेजारी कोणी असताना नीट चालवता. रहदारी नसलेल्या वेळी, उजेडात, कोरड्या रस्त्यावर जा. फोन बंद करून मागच्या सीटवर टाका: ६० च्या वेगात दोन सेकंद फोनकडे पाहिले की ३३ मीटर आंधळे जातात. गाणी नकोत. शेवटी गाडी लावायची जागा ऐसपैस असेल असेच ठिकाण निवडा, नाहीतर सगळा रस्ता पार्किंगच्या धास्तीत जातो. हाच रस्ता सलग सात दिवस. आठव्या दिवशी परत येताना एक वळण बदला.