मोबाईल नंबर किंवा ईमेल आयडी हीच पब्लिक की म्हणून वापरता येते का, व्हॉट्सॲपमध्ये तसंच असतं का?

वापरता येते. (पब्लिक की म्हणजे मेसेज लॉक करायची, सगळ्यांना देता येणारी किल्ली; तो उघडायची प्रायव्हेट की फक्त आपल्याकडे ठेवायची.) पण व्हॉट्सॲपमध्ये तसं नसतं, त्यावर शेवटी येतो.

कल्पना जुनी आहे, 1984 मध्ये आदी शमीरने मांडलेली (आरएसए या प्रसिद्ध एन्क्रिप्शन पद्धतीतला एस म्हणजे तोच), की समोरच्याचा पत्ता माहितीये ना मग त्याची की वेगळी शोधायचीच कशाला, पत्ता हीच की. डिजिटल सही करायची पद्धत त्याने तेव्हाच दिली पण मेसेज एन्क्रिप्ट म्हणजे लॉक करायची नीट पद्धत मिळायला 2001 उजाडलं, बोने आणि फ्रँकलिन या संशोधकांनी इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषांवरच्या 'पेअरिंग' या गणिताने केली आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या क्लिफर्ड कॉक्सने अगदी वेगळ्या गणिताने. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ज्याने अजून काहीच सेटअप केलेलं नाही त्यालाही तुम्ही आज मेसेज लॉक करून पाठवू शकता, तो नंतर कधीतरी जाऊन आपली प्रायव्हेट की घेईल.

पण घेईल कुठून? तर एका सेंटरकडून, ज्याच्याकडे मास्टर की असते आणि तीच वापरून ते प्रत्येकाची प्रायव्हेट की बनवतं. म्हणजे त्या सेंटरला वाटलं तर सगळ्यांचे सगळे मेसेज वाचता येतात. कंपनीच्या ऑफिस मेलला हे एकवेळ चालेल, घरच्या गप्पांना मला अजिबात मान्य नाही.

दुसरं म्हणजे नंबर कायम आपला राहत नाही. माझा जुना नंबर बंद केल्यावर काही महिन्यांनी दुसऱ्याच कुणालातरी मिळाला. नंबर हीच की असती तर त्या माणसाने सेंटरला ओटीपी दाखवून माझीच प्रायव्हेट की घेतली असती आणि माझे जुने मेसेज हाती लागले असते तर तेही उघडले असते. यावर उपाय म्हणून नंबराला महिना किंवा वर्ष जोडून की धरतात, म्हणजे नव्या माणसाला फक्त त्याच्या काळातली की मिळते, अर्थात सेंटरने मागच्या महिन्यांची द्यायला नकार दिला तर.

आता व्हॉट्सॲप. तिथे की तुमच्या फोनमध्येच तयार होते, नंबर फक्त ती सर्व्हरवर शोधायला लागतो. सर्व्हरने दिलेली की खरंच समोरच्याची आहे का हे बघायलाच तो 60 आकडी सिक्युरिटी कोड आहे. मी आईबरोबर फोनवर पाच-पाच आकडे वाचून तो जुळवून घेतला, तुम्हीही घरच्यांबरोबर एकदा कराच आणि फोन बदलला की परत करा, कारण तेव्हा की बदलते.